होते न, सर!

नागपुरात 'होत नाही' असं कुणी म्हणत नाही. मिस्त्री तर नाहीच नाही. इथे नकारसुद्धा होकारातच देतात, फक्त सूर बदलतो. 'होते न' म्हणजे ते काम त्याला स्वतःला जमतं. 'होऊन जाते न' म्हणजे त्याच्या साळ्याच्या ओळखीत कुणाला तरी जमतं. आणि 'होते न बाप्पा, काऊन नाही होत?' म्हणजे आजवर कुणालाही जमलेलं नाही, पण तुम्ही चहा सांगा.

जुन्या ट्रॅक्टरला फ्रंट लोडरचा हायड्रोलिक पंप जोडायचा, एवढंच माझं काम होतं. मला उत्तर तिसऱ्या सुरात मिळालं. मी चहा सांगितला.

निवृत्त विज्ञान शिक्षकाला लोडर कशाला हवा, हा प्रश्न माझ्या बायकोनं विचारला आहे, तुम्ही विचारू नका. काटोल रस्त्याला आमचा दोन एकर संत्र्याचा बगीचा आहे. सहा-सहा मीटरवर झाडं, म्हणजे दोन एकरांत सव्वादोनशेच्या आसपास. मोठ्या झाडाला ५० किलो शेणखत द्यावं म्हणतात. मास्तरकीची खोड म्हणून मी गुणाकार केला आणि उत्तर पाहून खाटेवर बसलो. ११ टन! एवढं खत फावड्या-घमेल्यानं ट्रॉलीत भरायला गावात माणसं शोधली. ट्रॉलीत बसायला तयार असलेली बरीच मिळाली, भरायला तयार असलेलं एकही नाही. जेसीबीवाला येऊन बगीचा पाहून गेला. म्हणाला, "सर, खत टाकून देतो, पण झाडाच्या दोन ओळी काढा लागतीन."

त्यातच मी 'ॲग्रोव्हिजन'ला गेलो. २००९पासून नागपुरात भरणाऱ्या या कृषी प्रदर्शनात माणूस बियाणांचं पत्रक घ्यायला जातो आणि स्वप्न घेऊन परततो. तिथे एका चकचकीत ट्रॅक्टरच्या नाकावर फ्रंट लोडर बसवलेला होता. दोन बाहू, पुढे बकेट, लिव्हर ओढला की हत्तीनं सोंड उचलावी तसं सगळं वर. मी किंमत विचारली. विक्रेत्यानं किंमत सांगण्याआधी बसायला खुर्ची दिली, तेव्हाच मी समजलो.

मग नागपूरलगतच्या वाडीत एका भंगाराच्या ढिगात मला जुना लोडर दिसला. तो किलोच्या भावानं मिळाला आणि त्याच्यासोबत एक गिअर पंप फुकट मिळाला. आयुष्यात फुकट मिळालेल्या वस्तूंवर मी जेवढा खर्च केला, तेवढा विकत घेतलेल्यांवर कधी केला नाही.

ट्रॅक्टर सासऱ्यांकडून आलेला, एचएमटी २५११. यातले २५ म्हणजे अश्वशक्ती. ११ कशाचे, ते सासऱ्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. एचएमटीनं १९७१ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला हे ट्रॅक्टर बनवायला घेतले, तंत्र झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचं. ब्रनो शहरातल्या झ्ब्रोयोव्का या बंदुकांच्या कारखान्याच्या आद्याक्षरातलं 'झेट' आणि ट्रॅक्टरच्या शेपटाचं 'ऑर' मिळून झेटर झालं. ब्रेन मशिनगनच्या नावातलं 'ब्र'सुद्धा याच ब्रनोचं. तेव्हा आमचा ट्रॅक्टर सुरू होताना पाखरं उडून जातात यात त्याचा दोष नाही. ते घराण्याचे संस्कार आहेत.

विदर्भात मात्र एचएमटी म्हटलं की आधी तांदूळ आठवतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८०च्या दशकात आपल्या बांधीतल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, जपून, धानाचं नवं वाण काढलं आणि त्या काळी लोक ज्या घड्याळाची ऐट मिरवत त्याचं नाव त्याला देऊन टाकलं. पुढे घड्याळाचे कारखाने बंद पडले, ट्रॅक्टरचाही पडला. तांदूळ अजून आमच्या ताटात आहे. फारसं न शिकलेला माणूस नुसतं नीट बघून कुठवर जातो, याचा हा पुरावा मी रोज वरणासोबत खात होतो. पण लक्षात यायला पंप बसवावा लागला.

भंगारवाल्यानंच मिस्त्रीचं नाव सुचवलं. वाडीच्या ट्रकांच्या गराड्यात टिनाचं एक शेड, आत एक लेथ, एक वेल्डिंग मशीन आणि पायाखाली ऑइल पिऊन काळी झालेली जमीन. मला पाहताच तो काळा चष्मा कपाळावर चढवून उठला आणि पाया पडला.

"सर, मी आठवी ब."

मास्तरला शहरात कुठेही अडकलं तरी जुना विद्यार्थी भेटतो. प्रश्न एवढाच असतो, की आपण त्याला कधी मारलं होतं का.

"मारलं नाही, सर," तो माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखून म्हणाला. "पण विज्ञानात मले बत्तीस पडले होते. पस्तीसले पास. पास्कलवर दोन मार्काचा प्रश्न होता, त्यात तुम्ही शून्य देल्लं."

मी पास्कलचा नियम तीस वर्षं शिकवला. बंदिस्त द्रवावर कुठेही दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. सतराव्या शतकातल्या या फ्रेंच माणसाचा नियम घेऊन १७९५ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामानं हायड्रोलिक प्रेसचं पेटंट घेतलं. त्यानंतर दोनेक शतकांनी मी तो दोन इंजेक्शनच्या पिचकाऱ्या आणि एक नळी घेऊन वर्गात दाखवत असे. पाणी दर वेळी पहिल्या बाकावरच्या मुलावर उडायचं. पुढे माझ्या तासाला पहिला बाक रिकामाच राहू लागला. नियमाची माझी ओळख एवढीच.

हायड्रोलिकच्या धंद्यात तोंडी व्यवहार महाग पडतो, हे मात्र मला वाचून माहीत होतं. ट्रॅक्टरच्या मागे तीन दांड्यांवर अवजार लटकवून ते तेलाच्या जोरावर उचलायचं, ही करामत हॅरी फर्ग्युसनची. १९३८ मध्ये त्यानं आणि हेन्री फोर्डनं नुसता हातात हात देऊन करार केला. पुढे फोर्डच्या नातवाच्या काळात तो मोडला, प्रकरण कोर्टात गेलं आणि १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलर मोजून मिटवावं लागलं. म्हणून मी मिस्त्रीला बजावलं, "खर्च, मुदत, सगळं लेखी दे." त्यानं एका खोक्याचा पुठ्ठा फाडला, खडूनं लिहिलं, सही केली आणि माझ्या हातात दिला. त्यावर एकच शब्द होता, 'होते.'

ट्रॅक्टर शेतातल्या घरापुढेच होता, म्हणून मिस्त्री अवजारं घेऊन शेतात आला. लिंबाखाली बॉनेट उघडलं गेलं आणि पंधरा मिनिटांत पंधरा माणसं जमली. आमच्याकडे उघड्या बॉनेटला लग्नाच्या मांडवाइतकाच मान आहे. निमंत्रण लागत नाही आणि आलेला सल्ला दिल्याशिवाय जात नाही.

धुऱ्यापलीकडच्या काकांचं मत पडलं, की पंपाची गरजच नाही. "मांगं लिफ्ट आहे न? तिथूनच तेल काढा." सूचना चुकीची नव्हती. पुष्कळ जण तसं करतात. पण लिफ्टचा पंप नांगर-वखर उचलण्यापुरता. त्याचं तेल थोडं, आणि बऱ्याच ट्रॅक्टरांत ते गिअरबॉक्सचंच. लोडरचे दोन जॅक भरले की तिकडे पातळी उतरते आणि एक होज फुटला की गिअर कोरडे.

निवृत्त तलाठ्यांना पंप इंजिनाच्या क्रँकवरच हवा होता. इंजिन चालू तेव्हा पंप चालू, यापेक्षा सुटसुटीत काही नाही. मात्र त्यासाठी रेडिएटरच्या पुढे पंपाला जागा हवी, तिथवर शाफ्ट न्यायला समोरच्या लोखंडाला भोक हवं आणि लोडरचा सांगाडाही नेमका तिथेच बसायचा. तलाठी म्हणाले, "जागेचं मी पाहून घेतो." सवय जात नाही.

मिस्त्री बोलला नाही. तो ट्रॅक्टरच्या मागे गेला, अवजारांना इंजिनाची ताकद पुरवणाऱ्या पीटीओवरची टोपी काढली आणि त्या सहा खाचांच्या दांड्यावरून बोट फिरवलं. पंप इथेच बसणार, हे ठरलं. वेगळी टाकी, वेगळं तेल, ट्रॅक्टरच्या पोटात हात घालायचा नाही.

आता पंप केवढा? त्याच्यावरची पाटी घासून गुळगुळीत झालेली. मी म्हणालो, कंपनीला पत्र लिहू. कोणत्या कंपनीला, हे मला त्यावरून कळलं नसतं. मिस्त्रीनं घरातून तेल मोजायचं माप मागवलं, पंपाच्या एका तोंडाला तेलाची नळी लावली, दुसऱ्याखाली माप धरलं आणि पंप हातानं दहा फेरे फिरवला. मापात ४०० मिलिलिटर तेल आलं. म्हणजे फेऱ्याला ४०. पीटीओचे फेरे मिनिटाला ५४०, म्हणजे मिनिटाला साडेएकवीस लिटर. लोडरचे जॅक ५० मिलिमीटर व्यासाचे, दांडा ६०० मिलिमीटर बाहेर येणारा. दोन्ही भरायला जवळपास अडीच लिटर. मी पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला भागाकार मांडून जाहीर केलं, "बकेट साडेसहा सेकंदांत वर!"

"हाव सर," मिस्त्री म्हणाला. "पण पंप म्हातारा आहे."

पहिली चाचणी मार्चमध्ये झाली. पंप पीटीओच्या दांड्यावर चढवला, होज जोडले, तेल भरलं. पीटीओ फिरला की त्यावर टांगलेला पंप स्वतःच गरगरेल, त्याला साखळीनं ट्रॅक्टरला बांधायला हवं, ही गोष्ट इतकी उघड होती की सोळा जणांपैकी कुणालाच सुचली नाही. पूर्ण वेगात पीटीओ सेकंदाला नऊ फेरे घेतो. मिस्त्रीनं इंजिन मंद ठेवलं होतं आणि सगळ्यांना लांब उभं केलं होतं, म्हणून फक्त दोन होजची वेणी घातली गेली. शाळेतल्या मुलींच्या घालतात तशी, घट्ट.

दुसऱ्या चाचणीला साखळी होती. पंप जागचा हलला नाही. त्यानं फक्त शाफ्टचं सील उडवलं आणि तेलाचं कारंजं थेट अंगणातल्या खाटेवर सोडलं. खाटेवर बायकोनं कुरड्या वाळत घातल्या होत्या. ती बाहेर आली, कुरड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, कुरड्यांना तेल लागतं हे खरं. पण ते तळताना."

झालं असं होतं, की पंप उलटा फिरला होता. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून पाहिलं तर पीटीओ घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. पण पंप त्याच्याकडे तोंड करून बसतो. समोरासमोर बसलेल्याचं उजवं ते आपलं डावं. त्याच्या बाजूनं पाहिलं तर तो काट्यांच्या उलट फिरणार, आणि आमचा पंप सुलट फिरणाऱ्यांतला. असा पंप उलटा फिरवला की तो ज्या तोंडानं प्यायचं त्याच तोंडानं ओकतो आणि दाब सोसायची सवय नसलेलं शाफ्टचं सील बिचारं आधी जातं. घड्याळाच्या दिशेवरून हे सगळं घडलं, तेव्हा माझ्या मनगटावर एचएमटीचंच घड्याळ होतं.

सुदैवानं पंप उलटवता येणाऱ्या जातीतला निघाला. मिस्त्रीनं तो खोलला, आतला संसार फिरवला, नवं सील टाकलं. त्यात पंधरा दिवस गेले, कारण दरम्यान त्याच्या साळ्याचं लग्न होतं. 'होऊन जाते न'मधला साळा हाच.

तिसऱ्या चाचणीला पंप बरोबर फिरला आणि रडू लागला. अक्षरशः रडू लागला. टाकीत पाहिलं तर तेलाचं ताक झालेलं. आम्ही टाकी खाली ठेवली होती, ओढायचा पाइप बारीक आणि लांब घेतला होता आणि त्याचा क्लॅम्पही ढिला; पंप तेलासोबत हवा ओढत होता. "सर," मिस्त्री म्हणाला, "पंप ढकलायले पक्का, ओढायले कच्चा राह्यते. त्याच्या तोंडापाशी नेऊन द्या लागते." स्टाफरूममध्ये असे दोन-तीन पंप मी जवळून पाहिले आहेत. टाकी पंपाच्या वर गेली, पाइप जाड आणि आखूड झाला आणि रडणं थांबलं.

मग एका जोडातून धुकं निघताना दिसलं. बारीक, नाजूक, अत्तराच्या फवाऱ्यासारखं. कुठून येतंय ते पाहायला मी बोट पुढे केलं. मिस्त्रीनं माझ्या हातावर फटका मारला. आठवी बमध्ये मी त्याला मारलं नव्हतं, ते किती शहाणपणाचं होतं! तो म्हणाला, सुईएवढ्या भोकातून त्या दाबानं निघालेलं तेल कातडी फोडून आत शिरतं, वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं आणि बोट कापायची वेळ येते. त्यानं पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवला; जिथे डाग पडला तिथे गळती. मग इंजिन बंद, लिव्हर हलवून दाब मोकळा आणि त्यानंतर पाना. हे माझ्या तीस वर्षांच्या टिपणांत कुठेही नव्हतं.

चौथी चाचणी एप्रिलच्या अखेरीस. सावलीतही घाम निथळत होता. इंजिन चालू, पंप चालू, गळती नाही, रडं नाही. मी विजयी मुद्रेनं दाबाच्या काट्याकडे पाहिलं. काटा शून्याला चिकटून.

"गेलं!" मी म्हणालो. "दाबच नाही. पंप गेला."

धुऱ्यापलीकडचे काका म्हणाले, लिफ्टमधूनच काढायला हवं होतं. तलाठी म्हणाले, क्रँक. मिस्त्रीनं शांतपणे बकेट पुढे नेली, तिचा दात लिंबाच्या जुन्या बुंध्याखाली अडकवला आणि लिव्हर ओढला. काटा उठला. ५०, १००, १५०. तिथे रिलीफ वॉल्व्ह फुसफुसला आणि तेल टाकीत परतलं.

"सर, पंप फक्त तेल ढकलते. दाब पंपात नसतेच. समोर ओझं आलं का दाब येते. ओझंच नाही, त दाब कुठून येईन?"

मी गप्प झालो. मला तो प्रश्न आठवला. 'द्रवात दाब कशाने निर्माण होतो?' पुस्तकातलं उत्तर दीड ओळीचं होतं, बल भागिले क्षेत्रफळ. त्यानं एकच शब्द लिहिला होता, 'ओझ्यानं', आणि मी त्यावर लाल काट मारून शेजारी लिहिलं होतं, 'पुस्तक वाचा.'

तलाठ्यांनी रिलीफ वॉल्व्ह पूर्ण कसायची शिफारस केली. ताकद वाया कशाला घालवायची? मिस्त्रीनं मान हलवली. बकेट दगडाला धडकली की तेलाला पळायला वाट हवी, नाही तर होज फुटेल किंवा जॅक वाकेल. घरात पण एक वाट ठेवावी लागते. आमच्या गावात तिला पानठेला म्हणतात.

शेवटी लोडर चालला. बकेट वर जायला साडेसहा सेकंदांऐवजी ११ लागतात. माझा भागाकार बरोबर होता. वरचे साडेचार सेकंद पंपाच्या म्हातारपणाचे. कागदावर एकेक जॅक जवळपास तीन टनांचा जोर लावतो, पण बकेटमध्ये जेमतेम ३०० किलो उचललं जातं, कारण जॅक बाहूच्या मुळाशी ढकलतो आणि ओझं टोकाला असतं. आपल्या कोपराचंही तसंच आहे, हे मी शिकवलं होतं. भरली बकेट वर गेली की ट्रॅक्टरचं मागचं अंग हलकं होतं, म्हणून मागच्या तीन दांड्यांवर दगडांची पेटी लटकवली आहे. फर्ग्युसनच्या करामतीचा आमच्याकडे हा उपयोग. पुढच्या चाकांवर एवढा भार येतो की स्टिअरिंग फिरवताना मला संध्याकाळी वेगळा व्यायाम लागत नाही. आणि पीटीओ पंपानं अडवल्यामुळे रोटाव्हेटर चालवायचा तर पंप काढावा लागतो. पंप काढायला अर्धा दिवस, बसवायला अर्धा, आणि पंधरा माणसं दोन्ही वेळेला.

आंबिया बहाराच्या खतासाठी घेतलेला लोडर मृगाला तयार झाला. ११ टन खत आम्ही दोन दिवसांत भरलं. ते दोन दिवस वाचवायला सहा महिने लागले, असं बायको म्हणते. तिचा हिशेब बरोबर आहे. मी तो तपासून पाहिला.

काम संपल्यावर मिस्त्रीनं बिल आणलं. होज, सील, तेल, क्लॅम्प, वेल्डिंग, साखळी. मजुरीच्या जागी रेघ. आणि सगळ्यात खाली लिहिलेलं, '२ मार्क – बाकी.'

मी घरात जाऊन कपाट उपसलं. लाल पेन सापडलं, चालत नव्हतं. जिभेला लावून झटकलं तेव्हा चाललं. मजुरी मी त्याच्या खिशात कोंबली. मग तो जुना पुठ्ठा काढला, ज्याच्या एका बाजूला माझा भागाकार होता आणि दुसऱ्या बाजूला त्याचा खडूनं लिहिलेला, आता पुसट झालेला एकच शब्द. त्या शब्दाशेजारी मी लिहिलं, २ पैकी २, आणि खाली सही केली.

त्यानं पुठ्ठा दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला. मग ओठ हलवत काहीतरी मोजलं आणि विचारलं, "मंग आता पास होते का, सर?"

बत्तीस आणि दोन. मी मनातल्या मनात पुन्हा बेरीज केली. चौतीसच येत होते. पास व्हायला पस्तीस लागतात, आणि तो नियम पास्कलपेक्षा कडक.

"होते न बाप्पा," मी म्हणालो, "काऊन नाही होत?"

त्यानं चहा सांगितला.